तीन खोल्यांचं काळीज

बाळाजीने बेडकाला उताणा केला, कापायची तार दोन्ही हातांत ताणून धरली आणि तो तसाच बसून राहिला.

बेडूक शाडूचा होता, हातभर लांब आणि अजून ओला. चारही पाय पसरून तो फिरत्या पाटावर पडला होता. दाराशी सोनाबाई वाळत घातलेले बोंबील राखत बसली होती. तिचा एक डोळा मांजरावर होता आणि एक नवऱ्यावर.

"कापा की," ती म्हणाली. "कोंबडी कापताना येवडा इचार करत नाय तुमी."

"कोंबडी मी घडवलेली नसते," बाळाजी म्हणाला.

पेणच्या खाडीपट्ट्यातल्या त्या गावात घराला लागून कारखाना, आणि कारखाना म्हणजे गणपतीचाच. बाळाजी म्हात्रेने उभ्या आयुष्यात गणपतीशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. बसलेला, उभा, उंदरावरचा, मोरावरचा, एका मंडळाच्या हट्टापायी मोटारसायकलवरचासुद्धा. पण उताणा कोणी मागितला नव्हता आणि पोटात काही घालून द्या असंही कोणी म्हटलं नव्हतं. देवाचं पोट बाहेरून केवढंही असो, आत बोटभर प्लास्टर, त्याला धरून ठेवणारा काथ्या आणि पुढे निव्वळ हवा. सगळ्यांना हे ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही.

बेडकाचं काम आणलं होतं सुनेने. कल्पिता लग्नाआधी प्राणिशास्त्रात बीएस्सी झाली होती आणि अलिबागकडच्या तिच्या कॉलेजातल्या रचना मॅडम अजून तिला फोन करत. कॉलेजांत हल्ली बेडूक कापत नाहीत, मुलं तो संगणकाच्या पडद्यावर कापतात. मॅडमना ते पटत होतं, पण त्यात पोरांच्या हाताला काही लागत नाही याची त्यांना चुटपुट होती. म्हणून त्यांना हवा होता एक मोठा बेडूक, पोटाला झाकण असलेला, ज्यातला एकेक अवयव बाहेर काढून हातात घेता येईल आणि परत जागच्या जागी बसवता येईल. आसपासच्या कॉलेजांचे धरून असे बारा.

बाळाजी लगेच हो म्हणाला. गणपतीचे साचे भरायला अजून अवकाश होता हे खरं, पण तो हो म्हणाला ते त्यासाठी नव्हे. दिवाळीपासून सून त्याच्याकडे एकच गोष्ट मागत होती आणि तिला त्याच्याकडून हो मिळत नव्हतं. असं झालं की माणूस दुसऱ्या कुठल्याही मागणीला मान डोलावतो.

ती मागणी जिच्यासाठी होती ती नात त्या घडीला काथ्याच्या पोत्यावर बसून बेडकाकडे बघत होती. शिवानी अडीच वर्षांची होती, पण दीड वर्षाचं पोर वाटावं एवढीच. जेवायला बसली की चार घासांत तिच्या कपाळावर घाम येई. घराची पायरी चढली की ती तिथेच बसे, आणि येणाजाणाऱ्याला वाटे, पोर किती शांत आहे. जन्मतःच तिच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला भोक होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषधांवर काढायचे तेवढे दिवस काढले, आता पावसाळ्याच्या आत ऑपरेशन करून घ्या. सरकारी योजनेत बसत होतं, त्यामुळे पैशाचाही प्रश्न नव्हता. प्रश्न बाळाजीचा होता. मुलगा दिपेश जेएनपीटी बंदरावर ट्रेलर चालवायचा, आठवड्यातून एकदोनदा घरी यायचा, आणि त्याचं म्हणणं एवढंच, की बाबा हो म्हणाले की तारीख घेतो. बाबा म्हणत, पाहू.

कारण होतं, आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं. बाळाजीचा धाकटा भाऊ सदू असाच मुंबईला नेला होता, पोटाच्या दुखण्यासाठी. ऑपरेशन करायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा घरातला मोठा म्हणून "करा" म्हणाला होता तो बाळाजीच. सदू परत आला तो चादरीत. त्याला आता कित्येक वर्षं झाली, सदूच्या बायकोचे केस पिकले, पण तेव्हापासून मूर्ती सोडून दुसऱ्या कशाला बाळाजीने "करा" म्हटलेलं कोणी ऐकलं नव्हतं.

त्याने तार लावली. हनुवटीखालून सुरू करून दोन्ही कुशींनी खाली आणत त्याने पोटाचं झाकण अलगद सोडवलं आणि बाजूच्या फळीवर ओल्या फडक्यात ठेवलं.

"झालं," तो सुनेला म्हणाला. "आता आत काय घालायचं ते सांग तुज्या मॅडमला इचारून."

"मॅडमना कशाला? मला येतं की," कल्पिता म्हणाली.

पुढचे काही दिवस कारखान्यात बेडकाचंच राज्य होतं. कल्पिता मोबाइलवरची चित्रं बाळाजीपुढे धरायची आणि त्याचे हात चालायचे. मातीची गोष्ट असली की बाळाजीला दोनदा सांगावं लागत नसे, फक्त त्याच्या सवयी आड येत. पुढच्या पायांना त्याने आधीच पाच पाच बोटं करून ठेवली होती. देवाला पाच तर याला का कमी, असा त्याचा सरळ हिशोब.

"पुढे चारच असतात, बाबा. मागे पाच."

"येवड्यात कंजुषी कशाला केली?" म्हणत त्याने एकेक बोट खरवडून काढलं.

मग बरगड्या. छातीच्या पोकळीत तो बरगड्या उठवायला लागला तेव्हा कल्पिताने त्याचा हात धरला. बेडकाला बरगड्या नसतात. मानही नसते. बाळाजी मागे टेकला.

"मंग हाय काय याला?"

"जीभ आहे. आपली मागे चिकटलेली असते, त्याची पुढे. बाहेर फेकली की किडा घेऊनच आत येते. आणि गिळताना डोळे आत ओढतो. डोळ्यांनी घास खाली ढकलतो."

सोनाबाईला हे फार आवडलं. रात्री जेवताना तिने डोळे मिटून घास गिळून दाखवला आणि शिवानी खदखदून हसली. हसल्यावर तिला खोकला आला, तेव्हा सोनाबाईने तो खेळ आवरता घेतला.

बरगड्या नाहीत तर छाती फुगणार कशी आणि श्वास जाणार कसा, हे बाळाजीने दुसऱ्या दिवशी आपणहून विचारलं. कल्पिताने आपल्या गळ्यावर हात ठेवून दाखवलं. बेडूक तोंडाचा तळ खाली करतो, नाकपुड्यांतून तोंडात हवा घेतो, नाकपुड्या मिटतो आणि तळ वर उचलून ती हवा फुप्फुसांत दाबतो.

"म्हंजे वारा गिळतो," बाळाजी म्हणाला.

"वाराच गिळतो. आणि बाकीचा श्वास कातडीतून. म्हणून त्याला सतत ओलं राहावं लागतं. आता भात कापून झालं, जमीन कडक झाली, तर तो खाली मातीत शिरून बसला असेल. तिथे फुप्फुसं जवळजवळ बंदच. जे काय ते कातडीतून."

बाळाजीने खिडकीबाहेरच्या कापलेल्या शेताकडे पाहिलं. या भेगाळलेल्या मातीखाली जागोजाग बेडूक गप्प बसले आहेत आणि कातडीने श्वास घेत आहेत, ही कल्पना त्याला बरी वाटली. त्याने यकृताचे तीन भाग केले, त्यांच्या मधोमध कच्च्या बोराएवढं पित्ताशय बसवलं, डाव्या अंगाला जठर वळवलं, आतड्याची वेटोळी घातली. जमिनीतल्या दिवसांची बेगमी म्हणून बेडूक पोटात चरबीची पिवळी बोटं साठवतो, ती त्याने इतकी देखणी केली की कल्पिताने त्यांचा फोटो मॅडमना पाठवला.

काळीज शेवटी राहिलं. ते दोन अर्धकांत उघडणारं हवं होतं, म्हणजे मुलांना आतलं दिसेल.

"वर दोन खोल्या," कल्पिता सांगत होती. रंगांचे डबे उघडून ती लाल आणि निळ्याच्या छटा जुळवत होती, तिचं अर्धं लक्ष तिकडे. "उजवीकडच्या खोलीत अंगभर फिरून आलेलं, वापरलेलं रक्त येतं. डावीकडच्या खोलीत फुप्फुसांतून आलेलं ताजं. दोन्ही खाली उतरतात."

"खाली किती?"

"खाली एकच खोली."

"दोनींचं येकाच खोलीत?"

"एकाच. मधे भिंत नसते."

बाळाजीची कोरणी थांबली.

"मंग मिसळतं."

"बरंचसं मिसळतं."

"आनि जगतो?"

"जगतो की," कल्पिता म्हणाली आणि निळ्यात थोडा पांढरा ओतला.

आपण काय बोलून बसलो हे तिला तेव्हा कळलं नाही. कळलं ते संध्याकाळी. दिपेश घरी आला होता, सगळे जेवायला बसले होते, आणि बाळाजीने पाण्याचा तांब्या खाली ठेवून सावकाश, जणू शेजारच्या गावातली बातमी सांगावी तसं सांगितलं, की बेडकाच्या काळजात भिंतच नसते. भोक नव्हे, अख्खी भिंतच नाही. चांगलं-वाईट रक्त एकात एक. तरी तो जगतो, उड्या मारतो, पोरं घालतो.

"मंग आपली पोरगी का नाय जगनार? तिची भिंत तरी हाय. जराशी फट हाय येवडंच."

आपला मुद्दा बिनतोड आहे असं त्याला मनापासून वाटलं, आणि तो सुनेच्याच शिक्षणातून निघाला याचं थोडं कौतुकही. दिपेशने ताटातून मान वर केली नाही. कल्पिताने हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला, उठली, मोरीवर जाऊन हात धुतले आणि आत गेली. ती चिडून दार आपटेल असं बाळाजीला वाटलं होतं. दार लागलंच नाही. आतून नुसता शिवानीला थोपटल्याचा आवाज येत राहिला.

"तिच्याच बेडकानं तिचा घात केला," सोनाबाई भांडी उचलताना म्हणाली. ती कोणाच्या बाजूने बोलली हे बाळाजीला कळेना आणि विचारायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दिपेश पहाटेच ट्रेलरवर गेला. कल्पिता सकाळी कारखान्यात फिरकली नाही. बाळाजीने काळजाचे दोन अर्धे भाग पुरे केले, वरच्या खोल्या पोखरल्या, खालची एक मोठी खोली पोखरली. काम झालं होतं, तरी तो उगाच ओलं बोट फिरवत बसला. दुपार कलल्यावर ती आली, कडेवर शिवानी.

"बाबा, काल मी तुम्हाला अर्धंच सांगितलं," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "उरलेलं ऐकून घ्या. बेडकाचं अंग थंड असतं. बाहेर जेवढं, तेवढंच आत. स्वतःला गरम ठेवायला त्याला काही जाळावं लागत नाही. तासन् तास एका जागी बसतो, दोन उड्या मारतो, परत बसतो. आणि त्याचं सगळं अंग श्वास घेतं. काळजाला भिंत नसली तरी त्याचं भागतं, कारण त्याची गरजच तेवढी."

"निवटी बी मासाच, पन चिखलात..."

"निवटी पण ओल्या कातडीवर जगते. शिवानी निवटी नाही आणि बेडूकही नाही. तिची कातडी श्वास घेत नाही. तिचं अंग झोपेतसुद्धा गरम ठेवावं लागतं. त्या भोकातून चांगलं रक्त परत फुप्फुसांत वाया जातं, आणि ते भरून काढायला तिचं काळीज धावत असतं. ती बसलेली असते तेव्हाही. पायरीवर ती शांत बसत नाही, बाबा. ती दमलेली असते."

बाळाजी कोरणी पुसत राहिला.

"मी नाय म्हनलो कवा?" तो म्हणाला.

"हो पण म्हणाला नाहीत."

लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यापुढे ती एवढं ठाम पहिल्यांदाच बोलली होती. तिचा आवाज चढला नाही. शिवानीला पोत्यावर ठेवून ती विहिरीकडे पाण्याला गेली.

शिवानीने आजूबाजूला पाहिलं. आईने बेडकाचं नाव घेतलं होतं, समोर पाटावर उताणा बेडूक होता, आणि आजीने तिला परवाच बेडूकउडी शिकवली होती. ती पोत्यावरून घसरत खाली उतरली, हात जमिनीला टेकून बसली आणि तिने उडी मारली. जमिनीपासून बोटभर वर गेली असेल. मग आणखी एक. तिसरीला ती बाळाजीच्या पायाशी पोचली आणि त्याच्या गुडघ्याला धरून थांबली.

"बेलूक," ती म्हणाली. पुढचं काही सांगायचं होतं, पण ते सांगायला तिच्याकडे वारा उरला नव्हता.

बाळाजीने पाहिलं. रोज बघत होता तेच, पण इतके दिवस बेडकाच्या छातीत नसलेल्या बरगड्या शोधून झाल्यावर आज त्याला नातीच्या बरगड्या दिसल्या. पातळ झबल्याच्या गळ्यातून एकेक मोजता आली असती. दर श्वासाला त्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती. नाकपुड्या फुलत होत्या. वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब आले होते.

त्याने हात धोतराला पुसले, तिला उचलून मांडीवर घेतलं आणि तळवा तिच्या छातीवर ठेवला.

काळजाचे ठोके लागतील हे त्याला ठाऊक होतं. ठोके लागलेच, भरभर. पण ठोक्यांच्या खाली दुसरंही काही होतं. थरथर. प्रत्येक ठोक्यासरशी तळव्याखालून काहीतरी सरसरत जात होतं, अरुंद जागेतून जोराने. प्लास्टर गरम होऊन थंड व्हायच्या बेतात आलं की साच्यावर हात ठेवून ओळखणारा तो तळवा होता. तो फसणारा नव्हता. ही थरथर त्याने पूर्वी कुठेतरी हातात धरली होती.

मग त्याला आठवलं. गावाची सगळी शेती खारजमिनीतली. मधे मातीचा बांध, पलीकडे खाडी. उधाणाच्या भरतीला कधी कधी बांधाला भोक पडायचं, त्याला खांड म्हणत. वरून काही दिसत नाही तेव्हाही बांधाच्या मातीवर तळवा टेकला की आतून पाणी शिरत असल्याची अशीच सरसर लागायची. तरुणपणी तो कितीदा तरी त्या चिखलात पालथा पडला होता. खांड लागली की ओरड व्हायची आणि गाव हातातलं टाकून पळायचं. बायका टोपल्या भरून द्यायच्या, पुरुष कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून माती दाबायचे. बांधून काढली नाही तर खारं पाणी गोड्या जमिनीत पसरतं आणि पुढची तीन वर्षं तिथे गवतसुद्धा धड उगवत नाही. खांड पडलेली कळल्यावर बांधावर बसून, पाहू, असं म्हणालेला माणूस त्याने त्या गावात पाहिला नव्हता.

बाळाजी घाबरला. तसा इतकी वर्षं तो घाबरलेलाच होता, पण ती भीती सदूच्या चादरीची होती. ही तळव्याखालची होती, आणि ती चालू होती.

"आबा, हात गाल," शिवानी म्हणाली आणि त्याचं बोट धरून तो गार तळवा बाजूला करायला लागली.

त्याने हात काढला. तिला परत पोत्यावर बसवलं, अंगावर सोनाबाईची जुनी ओढणी गुंडाळली, आणि पाटाकडे वळून काळजाचा एक अर्धा भाग हातात घेतला. खालची मोठी खोली रिकामी होती, जशी असायला हवी होती तशीच. त्याने घमेल्यातून चिमूटभर शाडू घेतला, दोन बोटांत दाबून पातळ केला आणि त्या खोलीच्या मधोमध उभा लावला. दोन्ही कडांना ओलं बोट फिरवून सांधा मिटवला. दुसऱ्या अर्ध्या भागातही तेच केलं. हे चूक आहे हे त्याला माहीत होतं. कल्पिता पाणी घेऊन आली तेव्हा काळीज मिटलेलं होतं आणि तो बेडकाच्या मागच्या पायाची बोटं उगाच पुन्हा नीट करत होता.

नंतर मूळ बेडकाचे रबराचे साचे निघाले, अवयवांचे छोटे साचे वेगळे निघाले, आणि एकेक करत बारा बेडूक भरले गेले. मूळ मातीत जे असतं तेच साच्यात जातं आणि साच्यातून प्रत्येकात. म्हणून कारखान्यात मूळ मूर्तीला सगळे फार जपतात. बाळाजीने या खेपेला काळजाचा साचा स्वतः भरला, कोणाला हात लावू दिला नाही.

रंगवायचं काम कल्पिताचं. सासऱ्याशी ती कामापुरतं बोलत होती. यकृतं झाली, आतडी झाली, चरबीची बोटं पिवळी झाली. मग काळजांची पाटी मांडीवर ओढून तिने पहिलं उघडलं आणि ब्रश हवेतच राहिला. दुसरं उघडलं. तिसरं उघडलं. मग बाकीची न उघडताच पाटी मांडीवरून खाली ठेवली.

"बाबा, हे चुकलं."

बाळाजी पलीकडे बसून बेडकाची पाठ पॉलिश पेपरने घासत होता.

"खालच्या खोलीत भिंत आलीय. बेडकाला नसते. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"व्हय, सांगितलंस."

"सगळ्या बारांमध्ये आलीय. मॅडम परत पाठवतील."

"त्यांनी पाठवायच्या आधी मीच मोडतो. साचा बी नवा करतो. दोन दिसांचं काम हाय."

"पण मग केलीच कशाला?" तिचा आवाज वैतागलेला होता. मग ती थांबली. हातातल्या उघड्या काळजाकडे तिने पुन्हा पाहिलं. भिंत नीट, एकसारख्या जाडीची होती, वरपासून खालपर्यंत. अंगठ्याचा ठसासुद्धा राहू दिला नव्हता.

बाळाजीने पॉलिश पेपर खाली ठेवला. भुकटी झटकली. 

"कशानं बुजवतात?" त्याने विचारलं.

"काय?"

"पोरीचं भोक. डाक्टर बुजवतात म्हंतेस, तर कशानं?"

कल्पिताने ब्रश पाण्यात ठेवला. उत्तर तिला पाठ होतं, डॉक्टरांना तिने ते दोनदा विचारून घेतलं होतं. 

"कधी कधी कापडासारखा एक तुकडा असतो, तो शिवतात," ती म्हणाली. "पण शिवानीला तसं नाही करणार म्हणाले. हृदयाच्या भोवती बाहेरून एक पातळ आवरण असतं. त्यातलाच छोटासा तुकडा कापून घेतात, आणि तोच भोकावर शिवतात."

"तिच्याच आंगातला?"

"तिच्याच."

बाळाजीने अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली, माती किती ओली आहे ते बघताना घासायचा तशी. बोटांत काही नव्हतं.

"मंग धरंल," तो म्हणाला. "परकी माती लावली तर वल्ली असेस्तवर बसते, सुकली की सुटते. तीच माती असली की सांदा कुठं हाय ते बी कळत नाय."

 कल्पिताने खाली बघून पुढचं काळीज उचललं, ते मोडायचं आहे हे विसरून त्याच्यावर लाल रंग लावला, आणि तो ओघळला तो तिला दिसला नाही. दाराबाहेर सोनाबाई मांजराला हुसकत होती.

बाळाजी गुडघ्यावर हात देऊन उठला. बेडूक फळीवर सरळ ठेवला.

"दिपेसला फोन लाव," तो म्हणाला. "तारीक लांबची घेऊ नको म्हनावं."